उणे अठरातला पालक पनीर

किचनचं काम काढणं म्हणजे काय असतं ते ज्यांनी काढलंय त्यांनाच माहीत. कॉन्ट्रॅक्टरने सांगितलेले आठवडे वेगळे आणि खरे आठवडे वेगळे, आणि मधल्या काळात गॅस नाही, सिंक नाही, ओटा तर नाहीच नाही, सगळी भांडी खोक्यांत आणि खोकी हॉलमध्ये. आमच्या बेसमेंटमध्ये एक मोठा आडवा फ्रीजर आहे (न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपासच्या देशी घरात तो नसला तर लोक काळजीने विचारतात, बरंय ना सगळं?). त्याच्या शेजारी टेबल टाकलं, वर मायक्रोवेव्ह आणि टोस्टर अव्हन मांडला आणि म्हटलं चला, आता काही दिवस फ्रोझन. घरात सगळे शाकाहारी, त्यात सासूबाई साताऱ्याहून आलेल्या, त्यांना अंडंही चालत नाही, आणि रोज बाहेरून मागवणं खिशालाही झेपत नाही आणि पोटालाही नाही. त्यामुळे न्यू जर्सीत मिळणारी जेवढी म्हणून फ्रोझन व्हेज रेडी मील्स असतात त्यातली बरीचशी आमच्या टेबलावरून गेली असं समजा.

पहिला प्रश्न अहो आईंनी पहिल्याच दिवशी टाकला. "म्हणजे शिळंच ना गं ते?"

आता याचं काय उत्तर द्यायचं. मी त्यांना मटारचं उदाहरण दिलं, की आपण साताऱ्यातही वर्षभर फ्रोझन मटार खातोच की, तेव्हा कुठे शिळं म्हणतो. मटार तोडल्यावर लगेच उकळत्या पाण्यातून काढतात, त्याने आतली एन्झाइम्स बंद पडतात, नाहीतर फ्रीजरमध्येसुद्धा रंग आणि चव हळूहळू उतरत राहते. मग झटकन गोठवतात. झटकन हा महत्त्वाचा भाग. सावकाश गोठवलं की बर्फाचे मोठे मोठे खडे तयार होतात, ते भाजीच्या पेशी फाडतात आणि वितळल्यावर सगळं पाणी बाहेर येऊन लगदा उरतो. झटकन गोठवलं की खडे बारीक राहतात. हे अमेरिकेत धंद्यात आणलं क्लॅरेन्स बर्ड्सआय नावाच्या माणसाने, तो कॅनडाच्या लॅब्रॅडोरमध्ये होता तेव्हा त्याने पाहिलं की तिथले इन्युइट लोक कडाक्याच्या थंडीत मासे पकडतात ते बाहेर काढताक्षणी गोठतात आणि महिन्यांनी वितळवले तरी ताज्यासारखे लागतात. त्यावरून त्याने मशिनं बनवली आणि 1930 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत पहिल्यांदा असा माल विकायला ठेवला. आणि उणे 18 डिग्री सेल्सियसला, म्हणजे इथल्या भाषेत शून्य फॅरनहाइटला, अन्न सुरक्षित राहण्याला तशी मुदतच नाही, मुदत असते ती चवीला.

हे सगळं मी उत्साहाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सुरक्षित आहे म्हणजे ताजं आहे असं नाही ना." बरोबर आहे. नाहीच.

पहिली फेरी साध्या अमेरिकन सुपरमार्केटात. इथे फ्रोझन जेवणाचा इतिहास मोठा आहे, 1950च्या दशकात स्वॉन्सन कंपनीने अॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये टर्की, मटार आणि रताळं घालून टीव्ही डिनर म्हणून विकायला सुरुवात केली आणि तेव्हापासून या देशाने मागे वळून पाहिलं नाही. व्हेज लोकांसाठी मात्र पुष्कळ वर्षं चीज मॅकरोनी सोडून फारसं काही नव्हतं. एमीज नावाची कंपनी 1987 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेटालुमाला एका नवरा-बायकोने काढली, मुलगी झाली होती, स्वयंपाकाला वेळ नव्हता, आणि दुकानात व्हेज काही धड मिळेना, म्हणून. मुलीचंच नाव कंपनीला दिलं. पहिला पदार्थ व्हेजिटेबल पॉट पाय, आता मटर पनीरपासून बरिटोपर्यंत सगळं. तिकडे इंग्लंडमध्ये बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीच्या बायकोने, लिंडा मॅकार्टनीने, 1991 मध्ये स्वतःच्या नावाने व्हेज फ्रोझन काढलं. म्हणजे ही सगळी मंडळी आपल्यासाठी नाही, तिथल्या तिथे व्हेज झालेल्या लोकांसाठी बनवत होती, आणि हे खोका वाचताना लक्षात ठेवावं लागतं.

कारण इथे व्हेजिटेरियन म्हणजे अंडं चालतं. व्हेजी बर्गरच्या खोक्यावर हिरवं पान, हिरवी अक्षरं, गाईचं चित्र, आणि मागे बारीक अक्षरांत एग व्हाइट. क्वॉर्न म्हणून जो प्रकार आहे, बुरशीपासून बनवलेलं प्रोटीन, चिकनसारखं लागतं म्हणतात, त्यातही बऱ्याच प्रकारांत अंड्याचा पांढरा भाग असतो, व्हीगन लिहिलेला वेगळा घ्यावा लागतो. चीजमध्ये नुसतं एन्झाइम्स लिहिलं असेल तर ते वासराच्या पोटातलं रेनेट (चीजसाठी दूध साकळवायला घालतात ते) आहे का बुरशीचं हे कळायला मार्ग नाही, आणि खरं पार्मेजान तर वासराच्या रेनेटशिवाय होतच नाही. अहो आई चष्मा लावून फ्रीजरच्या काचेला नाक लावून उभ्या, मी एकेक खोका वाचून दाखवतेय, मागे एक बाई आइस्क्रीम घ्यायला थांबलीये. देशी दुकानात हा ताप नाही, भारतातून आलेल्या बऱ्याच पाकिटांवर हिरवा ठिपका असतोच, घरी बसून ज्याला कधी काडीची किंमत दिली नाही तो ठिपका इथे फार मोलाचा वाटतो.

एमीजचं मटर पनीर आमच्याकडे पास झालं. तिखट नाही, अजिबात नाही, पण खोटं लागत नाही. नवऱ्याने वर लोणचं घेतलं आणि गप्प खाल्लं, त्याच्याकडून हे बऱ्यापैकी कौतुक असतं.

आता मायक्रोवेव्हचं सांगते, कारण निम्म्या लोकांचा फ्रोझनवरचा राग हा खरं तर मायक्रोवेव्हवरचा राग असतो. कडा उकळतायत, प्लास्टिक वितळायला आलंय आणि मधे बर्फाचा गोळा तसाच. याचं कारण साधं आहे, मायक्रोवेव्ह पाण्याला छान तापवतो पण बर्फाला जवळजवळ तापवतच नाही. म्हणजे जो भाग आधी वितळतो तोच अजून जास्त तापत जातो आणि जो गोठलेला असतो तो तसाच बसून राहतो. त्यामुळे सुरुवातीला अर्ध्या पॉवरवर ठेवायचं, म्हणजे मधे मधे थांबून उष्णता आत मुरायला वेळ मिळतो, मग ढवळायचं, मग फुल पॉवर, मग झाकून दोन मिनिटं नुसतं ठेवायचं. खोक्यावर लेट स्टँड लिहिलेलं असतं ना ते उगाच नसतं, तो स्वयंपाकाचाच भाग आहे. भूक लागलेल्या माणसाला हे सांगून उपयोग नाही हेही खरं.

मग ओक ट्री रोडचं देशी दुकान. पटेल ब्रदर्स 1974 मध्ये शिकागोच्या डेव्हॉन अव्हेन्यूवर सुरू झालं आणि दीप फूड्स आपल्या न्यू जर्सीतच 1977 मध्ये, म्हणजे हा फ्रीजर सेक्शन काही काल-परवाचा नाही, दोन पिढ्या त्यावर जेवल्यात. आणि तो सेक्शन बघितला की एक गोष्ट डोळ्यात भरते. पालक पनीर, पनीर मखनी, शाही पनीर, मलई कोफ्ता, दाल मखनी, चना मसाला. परत पनीर. मला आधी वाटायचं की पंजाबी हॉटेलांनी जगाला जे शिकवलं तेच विकलं जातं, आणि ते आहेच, पण इतकी खोकी खाल्ल्यावर माझं मत झालंय की याला फ्रीजरसुद्धा जबाबदार आहे. लोणी, साय, काजू घातलेली दाट ग्रेव्ही गोठवून वितळवली तरी बऱ्यापैकी एकजीव राहते. कणीक-मैदा लावून दाट केलेली ग्रेव्ही फाटते, पाणी वेगळं आणि गुठळ्या वेगळ्या, म्हणून कंपन्या टॅपिओका नाहीतर मॉडिफाइड कॉर्न स्टार्च वापरतात, वाचा खोक्यावर, असतंच. आता यात आपलं काय टिकणार सांगा. पिठलं? गोठवून वितळवलेलं पिठलं मी एकदा घरीच करून बघितलंय, पाणी सुटून रवाळ चोथा झाला होता त्याचा. भेंडीची परतलेली भाजी? काकडीची कोशिंबीर? भरली वांगी तग धरतील कदाचित, कूट-खोबऱ्याच्या जिवावर. उसळ नक्की टिकते, कडधान्याला फ्रीजर काही करत नाही, चना मसाला सगळ्या ब्रँडांचा खाण्यालायक निघाला याचं कारण तेच.

बटाटा हा सगळ्यात मोठा शत्रू. रश्श्यातल्या बटाट्याच्या फोडी वितळल्या की स्पंज होतात, चावलं की पाणी. एका ब्रँडचं आलू मटर (नाव नको) मुलाने दोन घास खाऊन बाजूला सारलं, आणि तो मुलगा बटाटा सोडणारा नाही. पण तोच बटाटा कुस्करून समोशात किंवा बटाटावड्यात घातला की काही होत नाही, कारण फोड उरतेच कुठे मोडायला. फ्रोझन बटाटेवडे टोस्टर अव्हनमध्ये 400 फॅरनहाइटला ठेवले तर वरचं आवरण कुरकुरीत होतं, मायक्रोवेव्हमध्ये टाकले तर मऊ पडतात, टाकू नका. आणि पनीर. ट्रेमधलं पनीर कधी कधी भुसभुशीत लागतं त्याचं कारणही पाणीच. नुसतं पनीरचं पाकीट फ्रोझन आणलं असेल तर तुकडे गरम मिठाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवले की परत मऊ येतं, पण ग्रेव्हीत बुडालेल्याचं काय करणार.

भाताबद्दल मात्र मी चकित झाले. आपण रात्रीचा भात फ्रीजमध्ये ठेवतो तो सकाळी टणक होतो ना, फोडणीच्या भाताला बरा, तशी गत फ्रोझन भाताची होत नाही. फ्रीजच्या चार-पाच डिग्रीला भातातला स्टार्च सगळ्यात जोरात कडक होतो, थेट गोठवला तर त्याला तेवढी सवडच मिळत नाही. त्यामुळे ट्रेमधला बासमती बहुतेक वेळा भाजीपेक्षा चांगला निघतो. आता मी घरचा उरलेला भातसुद्धा पिशवीत भरून चपटा करून फ्रीजरमध्ये टाकते.

मसाल्याचं गणित वेगळंच. लवंग, मिरी, लसूण यांची चव गोठल्यावर उग्र होत जाते, कडवटपणाकडे झुकते, आणि मीठ उलट दबतं. त्यामुळे बऱ्याच ग्रेव्ह्यांत एकसारखा लवंगेचा मागून येणारा वास असतो, डोळे मिटून खाल्लं तर पालक पनीर कुठलं आणि कोफ्ता कुठला कळू नये. आणि मीठ दबतं म्हणून की टिकायला बरं म्हणून, ते घातलेलं असतं भरपूर. एका ट्रेमध्ये 600-700 मिलिग्रॅम सोडियम सहज, इथे मोठ्या माणसाला दिवसाची शिफारस 2300ची आहे, आणि ट्रे असतो दहा औंसाचा, म्हणजे 283 ग्रॅम, भातासकट. भुकेचा माणूस दोन खातो. अहो आईंची बीपीची गोळी चालू असल्याने त्यांच्यासाठी आम्ही ट्रे लवकरच बंद केले.

बरं, मराठी काय मिळतं? हा माझा लाडका विषय. पुरणपोळी मिळते, आनंदाने आणली, अहो आईंनी एक तुकडा मोडला आणि म्हणाल्या, "तुरीची आहे." होतीच. गुजराती लोक वेडमीत, म्हणजे त्यांच्या पुरणपोळीत, तूरडाळ घालतात, आणि इथला फ्रीजर मुळात गुजराती. वाईट नव्हती, तूप घालून मुलांनी संपवली, पण होळीला नैवेद्य म्हणून ठेवायला त्या तयार होणार नाहीत. अळूवडीच्या जागी पात्रा मिळतो, फ्रोझन उंडे असतात, अर्धवट वितळू द्यायचे, काप करायचे आणि थोड्या तेलात दोन्हीकडून परतायचे. आपल्यापेक्षा गोड आणि मऊ, पण वरून तीळ आणि खोबरं घातलं की चालून जातात, मी तर म्हणते पाहुण्यांपुढे ठेवायलाही हरकत नाही. गणपतीच्या दिवसांत फ्रोझन उकडीचे मोदक येतात, ते मात्र वाफवूनच गरम करायचे, मायक्रोवेव्हमध्ये पारी चामड होते. थालीपीठ, मिसळ, भाकरी, आमटी आम्हाला तरी फ्रीजरमध्ये दिसली नाहीत. केरळचे लोक बघा, डेली डिलाइट या त्यांच्या ब्रँडच्या फ्रीजरात पुट्टूपासून इडिअप्पमपर्यंत अख्खं घर भरलेलं असतं त्यांचं, किसलेलं खोबरं, कप्पा, पोरोटा, सगळं. मला त्यांचा हेवा वाटतो, खरंच. एवढी मराठी माणसं आहेत या राज्यात, गणपतीला ढोल-ताशा पथकं निघतात, आणि गोठवलेली एक धड बाजरीची भाकरी मला काही सापडली नाही.

मधेच एक गंमत. कॉस्टकोमधून मैत्रिणीने मद्रास लेंटिल्सची पाकिटं दिली, टेस्टी बाइटची. हे फ्रोझन नव्हे, पाकीट बंद करून दाबाखाली उकळून जंतुविरहित केलेलं, बाहेर कपाटात टिकणारं, आपल्या म्हैसूरच्या संरक्षण खात्याच्या अन्न प्रयोगशाळेने सैनिकांच्या जेवणासाठी ज्या तंत्रावर पुष्कळ काम केलं तेच. अहो आईंनी पाकीट उलटं करून बघितलं तर कंपनीचा कारखाना दौंड तालुक्यातल्या भांडगावचा! म्हणजे पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागलं की. त्यांचे एक भाऊ त्याच भागात राहतात. राजमा आणि डाळ एकत्र करून त्याला मद्रास म्हणायचं आणि दौंडमध्ये बनवून अमेरिकेत विकायचं, यात मद्रास नेमकं कुठून आलं हे त्या दिवसभर विचारत होत्या. चव बरी आहे पण, राजमा भाताबरोबर जातो तसं जातं.

तर या सगळ्यावर उपाय अहो आईंनीच काढला. कॅम्पिंगची छोटी ब्यूटेनची शेगडी होती गॅरेजमध्ये, ती त्यांनी मागच्या डेकवर मांडायला लावली आणि लोखंडी पळीत तेल तापवून मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, लाल मिरची. ती चरचरीत फोडणी थेट मायक्रोवेव्हमधून काढलेल्या डाळीवर. विश्वास ठेवा, तीच दाल तडका, खोक्यावर तडका लिहिलेलंच होतं, पण फोडणीचा जो वास असतो तो उडून जाणारा असतो, तो गोठवून तीन महिन्यांनी परत कसा मिळेल, तो त्या क्षणालाच घालावा लागतो. वर कोथिंबीर ताजी आणि लिंबू. शेजारच्या अमेरिकन आजोबांनी कुंपणावरून विचारलं काय शिजतंय, हिंगाचा वास त्यांना नवा होता, चांगल्या अर्थाने नवा की वाईट ते कळलं नाही.

शेगडी आली तसा खेळच बदलला. तवा आला म्हणजे पराठे आले. फ्रोझन पराठ्यांच्या मधे प्लास्टिकचे कागद असतात, ते काढून गोठलेलाच पराठा गरम तव्यावर टाकायचा, वितळू द्यायचा नाही, वितळला की चिकटतो आणि पदर जातात. मलेशियाचा कवान पराठा पदरांच्या बाबतीत सगळ्यांत भारी, देशी ब्रँडांचा मेथी थेपला रोजच्या खाण्याला बरा. ट्रेडर जोज या अमेरिकन दुकानाचा गार्लिक नान टोस्टर अव्हनमध्ये तीन-चार मिनिटांत फुगतो, तो येतोही भारतातूनच. म्हणजे कणकेचं आणि मैद्याचं जे काही आहे ते फ्रीजरला पुरून उरतं. आणि ट्रेच्या शेजारच्याच कपाटात ज्या साध्या पिशव्या असतात, चिरलेली मेथी, शेवग्याच्या शेंगा, तुरीचे ओले दाणे, वालपापडी, खवलेलं नारळ, ते सगळं तर सोनं आहे. चिरण्या-निवडण्याचा, खवण्याचा वेळ वाचतो आणि चव आपल्या हातात राहते. मी आता ट्रेच्या रांगेवरून सरळ पुढे जाते आणि पिशव्यांपाशी थांबते.

किचन झालं अखेर. ओटा क्वार्ट्झचा आहे, बघणारे बघतात. ट्रे पूर्ण बंद झालेत असं नाही, नवऱ्याला ऑफिसातून उशीर होतो तेव्हासाठी मटर पनीरचे दोन असतात खाली. परवा त्याने एक गरम करून घेतला तेव्हा अहो आईंनी किंमत विचारली. पाच डॉलर म्हटल्यावर त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि म्हणाल्या, "चारशेच्या वर गेले की रे! एवढ्यात साताऱ्यात दोघं पोटभर जेवतात, वर ताक." मग त्याच्या ताटात स्वतः केलेली लसणाची चटणी वाढली, आणि मला म्हणाल्या, सोमवारी दुकानात गेलीस तर खोबऱ्याच्या दोन पिशव्या जास्त आण, चटणी संपत आलीये.